फ्रेशर ढिगाने, पाच वर्षांवाला मिळेना: एका साइटवरच्या रिकाम्या जागेचं प्रकरण

पुण्याच्या पश्चिमेला, हिंजवडीच्या पट्ट्यात, २२ मजल्यांचे दोन टॉवर उभे राहत होते. बिल्डर मध्यम आकाराचा, काम करणारा ठेकेदार वेगळा, आणि बिल्डरच्या वतीने सगळ्यावर लक्ष ठेवणारी आमची प्रोजेक्ट मॅनेजमेंटची टीम. फेब्रुवारी २०२४मध्ये स्ट्रक्चर आणि बिलिंग बघणारा आमचा सीनियर इंजिनिअर कतारला गेला. तेव्हा एक टॉवर नवव्या स्लॅबवर होता, दुसरा सहाव्या. त्याची जागा भरायला जुलै उजाडला.

ती इतके महिने का भरली नाही, शेवटी कशी भरली आणि पुढे काय झालं, तेवढंच इथे लिहितोय. सिव्हिलला माणसं मिळत नाहीत, असं बिल्डर म्हणतात. सिव्हिल करून नोकरी मिळत नाही, असं पोरं म्हणतात. दोघंही खोटं बोलत नाहीत. या एका जागेच्या निमित्ताने दोन्ही बाजू एकाच टेबलावर बसलेल्या बघायला मिळाल्या.

जाहिरात साधी होती. सिव्हिलची पदवी, पाच ते सात वर्षांचा अनुभव, उंच इमारतीचं काम केलेलं असावं, बार बेंडिंग शेड्यूल (बीबीएस, म्हणजे कुठली सळई किती लांबीची कापायची आणि कशी वाकवायची याचं कोष्टक) तपासता यावं, ठेकेदाराचं आरए बिल (झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याने निघणारं बिल) करता यावं. पगार महिना ५५ ते ६० हजार. पहिल्या आठवड्यातच मेलबॉक्स भरला. त्यातले बहुतेक अर्ज त्या वर्षी किंवा आदल्या वर्षी पास झालेल्यांचे. ‘अनुभव नाही पण शिकायची तयारी आहे’ हे वाक्य इतक्यांदा वाचलं की पुढे पुढे नजर त्यावरून घसरायला लागली. अनुभवाचा रकाना खरोखर भरलेले अर्ज मात्र बोटांवर मोजण्याइतके.

कोण आलं, कोण गेलं

पहिला उमेदवार मेट्रोच्या ठेकेदाराकडे क्वालिटीचं काम बघणारा, सहा वर्षांचा. त्याने ७५ मागितले, ओढाताण करून ७० वर आला. ऑफर लेटर घेतलं, नोटीस पिरियडमध्ये तेच लेटर आणखी दोन ठिकाणी दाखवलं आणि आमच्याकडे रुजूच झाला नाही. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. बाजारात त्याच्यासारखे कमी आहेत, हे त्याला आमच्याआधी कळलं होतं.

दुसऱ्याच्या बायोडेटावर पाच वर्षं आणि चार मोठे प्रकल्प होते. बोलताना कळलं की पाचही वर्षं तो साइट ऑफिसात बसून रोजचा प्रगती अहवाल भरत होता. किती घनमीटर काँक्रीट पडलं, किती मजूर आले, हे फोरमनला विचारायचं आणि एक्सेलमध्ये टाकायचं. ड्रॉइंग उघडायची वेळच त्याच्यावर आली नव्हती. मोठ्या साइटवर कामाच्या इतक्या बारीक फोडी होतात की माणूस पाच वर्षं राहूनही एका फोडीपलीकडे जात नाही. अशी पाच वर्षं म्हणजे एकच वर्ष पाच वेळा.

तिसरा उमेदवार मला सगळ्यात जास्त आवडला आणि कागदावर तोच बसत नव्हता. आयटीआयचा आरेखक, नंतर सुपरवायझर, अकरा वर्षं अल्युमिनिअम फॉर्मवर्कवर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्यांच्या शटरिंगवर, काढलेली. शटरिंग उभं असताना लांबूनच कुठला पॅनल ओळंब्यात नाही ते सांगणारा. पण पदवी नाही, डिप्लोमाही नाही. बिल्डर आणि आमच्यातल्या करारात या जागेवर ‘पदवीधर स्थापत्य अभियंता’ असेल असं स्पष्ट लिहिलं होतं. बँकेच्या तपासणीवाल्यालाही तेच हवं असतं. म्हणून तो त्या दिवशी परत गेला.

चौथी खटाव तालुक्यातली मुलगी. शासकीय पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन पदवी, २०२२ची. अनुभव दोनच वर्षांचा, तोही सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या ठेकेदाराकडे, गावोगावच्या पाणीटाक्यांवर. पगार वेळेवर होईना म्हणून नोकरी शोधत होती. जाहिरातीच्या अटीत ती बसत नव्हतीच. बोलवायचं कारण बायोडेटातली एकच ओळ. तिने लिहिलं होतं, ‘मोजमाप पुस्तिका स्वतः लिहिली आहे.’ म्हणजे झालेलं काम जागेवर मोजून बिलासाठी स्वतः नोंदवलेलं. आजकाल ही ओळ कुणी लिहीत नाही.

टेबलावरचं ड्रॉइंग

मुलाखतीत आम्ही पुस्तकी प्रश्न विचारत नाही. बीमचं एक ड्रॉइंग पसरतो आणि तीन गोष्टी विचारतो.

१६ एमएमची सळई मीटरला किती किलो? व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे १.५८. हे साइटवरच्या मुकादमालाही तोंडपाठ असतं. फ्रेशरपैकी निम्म्यांना सूत्र आठवलं, उत्तर थोड्यांनाच काढता आलं.

बीमच्या खालच्या सळईला जोड कुठे द्यायचा नाही? मध्यावर, कारण तिथे खालच्या बाजूला ताण सर्वाधिक असतो. हे सगळ्यांनी पेपरात लिहून मार्क मिळवलेले असतात. पण ड्रॉइंगवर बोट ठेवून जागा दाखवा म्हटलं की हात अडखळतो.

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा. एम-३० काँक्रीटचा, म्हणजे २८ दिवसांनी ३० ची ताकद अपेक्षित असलेल्या काँक्रीटचा, सात दिवसांचा क्यूब (चाचणीसाठी भरलेला ठोकळा) १७ आला, तर काय कराल? साधारण २० च्या आसपास यावा अशी अपेक्षा असते. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: “फेल आहे सर, तोडावं लागेल.” दोघं-तिघं गप्प बसले. खटावच्या मुलीने उलटा प्रश्न विचारला, “सिमेंट पीपीसी आहे का सर? फ्लाय ॲश असेल तर सात दिवसांना कमी दिसतो.” पीपीसी म्हणजे फ्लाय ॲश, कोळशाची राख, मिसळलेलं सिमेंट. मग म्हणाली, क्यूब कुणी भरले, पाण्यात ठेवले होते का ते बघेन, २८ दिवसांची वाट बघेन, पण तोपर्यंत त्या स्लॅबखालचे टेकू काढू देणार नाही आणि डिझायनरला त्याच दिवशी कळवेन.

“हे कुठे शिकलात?”

“टाकीच्या भिंतीला असंच झालं होतं. ठेकेदार म्हणाले चालतंय, मी कळवलं. आठवडाभर बोलले नाहीत माझ्याशी.”

दोन वर्षांत तिने जे शिकून घेतलं होतं, ते मोठ्या साइटवरच्या कित्येकांना पाच वर्षांत मिळालेलं नव्हतं. याचं श्रेय तिच्या हुशारीला आहेच, पण छोट्या ठेकेदारालाही आहे. त्याच्याकडे माणूसबळ एवढंच की खोदाईच्या आखणीपासून बिलापर्यंत सगळं एकाच इंजिनिअरच्या गळ्यात. पगाराच्या बाबतीत वाईट, शिकण्याच्या बाबतीत उत्तम. आईवडिलांना हे पटवणं अवघड असतं.

मधली फळी कुठे गेली

२०२४मध्ये पाच ते सात वर्षांचा अनुभव म्हणजे २०१७ ते २०१९च्या दरम्यान पास झालेली पोरं. ती बाहेर पडली तेव्हा काय चाललं होतं ते आठवा. नोव्हेंबर २०१६ला नोटाबंदी, मे २०१७पासून महारेरा (बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण), जुलैत जीएसटी, आणि २०१८मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्तकंपनी बुडाल्यावर बिल्डरांना कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांनी हात आखडले. साइट बंद नव्हत्या, पण नवीन सुरू होत नव्हत्या. त्यातून टिकलेल्यांना मार्च २०२०च्या टाळेबंदीने गाठलं. मजूर गावी गेले, इंजिनिअर अर्ध्या पगारावर किंवा घरी. त्या काळात माझ्या ओळखीतले कित्येक जण कर्वेनगर-डेक्कनच्या क्लासमध्ये जावा शिकायला गेले, सदाशिव पेठेत एमपीएससीला बसले, काही आखातात गेले. त्यांच्या हातात आज सिव्हिलची पदवी आहे, पण ते या धंद्यात नाहीत.

त्यांच्या मागची फळी आणखी पातळ. मंदीच्या बातम्या वाचून २०१७-१८च्या सुमारास बारावीच्या पोरांनी सिव्हिलकडे पाठ फिरवली. खासगी कॉलेजांमध्ये सिव्हिलचे वर्ग रिकामे राहिले, काहींनी तुकड्या कमी केल्या, काहींनी शाखाच बंद केली. देशभरात इंजिनिअरिंगच्या इतक्या जागा पडून होत्या की बी. व्ही. आर. मोहन रेड्डी समितीने २०२०पासून नवी क्षमता देऊच नका अशी शिफारस एआयसीटीईला, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेला, केली. ज्या थोड्यांनी तरीही सिव्हिल घेतलं, त्यांचा सर्व्हेचा आणि मटेरियल टेस्टिंगचा काळ नेमका कोविडमध्ये गेला. सर्व्हेत कोन मोजायचा थिओडोलाइट त्यांनी लॅपटॉपच्या पडद्यावर बघितला.

आणि मागणी आली ती नेमकी त्यानंतर. सप्टेंबर २०२०मध्ये राज्याने मुद्रांक शुल्क काही महिन्यांसाठी घटवलं, डिसेंबरात राज्यभरासाठी एकत्रित बांधकाम नियमावली आली, पुढच्या वर्षी बांधकाम परवानगीसाठी बिल्डरने भरायच्या प्रीमियममध्ये सवलत मिळाली. प्रकल्पांचा पूर आला. सोबत सरकारी कामं: ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, २१.८ किलोमीटरचा अटल सेतू, मुंबईची भुयारी मेट्रो-३, सागरी किनारा रस्ता, पुणे मेट्रो, ५०८ किलोमीटरची बुलेट ट्रेन. हे सगळे एकाच तळ्यातून पाणी उपसत होते.

लासलगावात कांद्याचं जे होतं तेच हे. यंदाचा भाव बघून पुढची लागवड ठरते आणि माल बाजारात येईपर्यंत भाव फिरलेला असतो. फरक इतकाच की कांदा चार महिन्यांत निघतो आणि साइटवर एकटा सोडता येईल असा इंजिनिअर तयार व्हायला पदवीची चार आणि वर आणखी चार-पाच वर्षं लागतात. २०२४-२५पासून एआयसीटीईने एका शाखेतल्या जागांवरची मर्यादा उठवली, तेव्हापासून कॉम्प्युटरच्या तुकड्या कशा फुगल्यात ते सगळे बघतायतच. त्या तुकड्या बाहेर पडतील तेव्हा त्या बाजारात काय असेल, ते कुणी छातीठोकपणे सांगू नये.

सरकारी भरतीही मधल्या फळीतूनच माणसं उचलते. जलसंपदा विभागाने २०२३मध्ये ४,४९७ पदांची जाहिरात काढली, सार्वजनिक बांधकामची भरतीही त्याच वर्षी. कनिष्ठ अभियंत्याची वेतनश्रेणी ३८,६०० पासून सुरू होते, वर महागाई भत्ता, सुट्ट्या, आणि गावाकडे लग्नाच्या बाजारात मिळणारा भाव वेगळाच. साइटवर तयार झालेला, डोकं असलेला मुलगा अभ्यासाला बसला की जातो. आपण त्याला थांबवूही नये.

पहिला पगार का हलत नाही

इथे प्रत्येकजण विचारतो: माणसं कमी आहेत तर फ्रेशरला अजून १५-१८ हजार का? मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दहा हजार विद्यावेतन मिळतं. चार वर्षं इंजिनिअरिंग करून साइटवर सहा दिवस उन्हात उभं राहणाऱ्याला त्याहून जेमतेम पाच-आठ हजार जास्त, ही गोष्ट कुणालाही खटकेल.

कारण असं, की टंचाई पहिल्या वर्षातल्या माणसांची नाहीच. पदवीधर कमी झाले तरी डिप्लोमावाले आहेत. पॉलिटेक्निकच्या जागा गेल्या काही वर्षांत पुन्हा भरू लागल्यात. पहिल्या वर्षी साइटवर जे काम देतात, म्हणजे काँक्रीटच्या गाड्या मोजणं, क्यूब भरून घेणं, मजुरांची हजेरी, त्यासाठी ठेकेदाराला दोघे सारखेच. शिवाय काम मिळतं ते सगळ्यात कमी दराच्या निविदेला. त्या दरात सिमेंट, स्टील, मजुरी यांना हात लावता येत नाही. छाटता येतो तो साइट स्टाफचा खर्च. सहा इंजिनिअरच्या जागी चार, आणि चारातले तीन फ्रेशर. तिसऱ्या वर्षी काम समजू लागतं तोवर ते कंटाळून गेलेले असतात. मग पाच वर्षांवाला बाजारात शोधायचा, जो आपण तयार होऊच दिला नाही. ठेकेदार, बिल्डर, आम्ही, सगळे एकमेकांकडची तयार माणसं पळवतो आणि माणसं मिळत नाहीत म्हणून परिषदांमध्ये भाषणं ऐकतो.

कामगारांचीही हीच कथा, पण तो विषय वेगळा आणि मोठा आहे. आमच्याकडे लोकसभा निवडणुकीच्या त्या एप्रिल-मेमध्ये सेंटरिंगची अर्धी गँग गावी गेली होती, एवढं सांगून पुढे जातो.

पदवीचा उपयोग नेमका कुठे

आरेखक सुपरवायझर परत गेला आणि पदवीधर फ्रेशरला सळईचं वजन काढता आलं नाही. मग पदवी हवी कशाला, असं आमच्या बिल्डरने त्याच संध्याकाळी विचारलं. प्रश्न रास्त होता.

साइटवरच्या रोजच्या कामाला पहिली तीन वर्षं पदवी फारशी लागत नाही, हे मान्य करायला हवं. ती लागते सही करायची वेळ येते तेव्हा. महारेरात ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते काढताना आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए या तिघांची प्रमाणपत्रं लागतात. इंजिनिअरच्या प्रमाणपत्रात आतापर्यंत झालेल्या कामाचा खर्च आणि राहिलेल्या कामाचा अंदाज असतो. तो आकडा साइटवरून, बिलिंगवाल्याच्या कोष्टकातून वर जातो. दर तीन महिन्यांनी प्रगतीची माहिती अद्ययावत करावी लागते. २०२३मध्ये ती न दिलेल्या शेकडो प्रकल्पांची नोंदणी महारेराने स्थगित केली, त्यानंतर बिल्डरांना या कागदांची खरी किंमत कळली. २०१७पूर्वी हे काम अस्तित्वातच नव्हतं. आता प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाला ते करणारं कुणीतरी लागतं, आणि आकडा का बदलला हे लेखी सांगता येणारं लागतं.

शिवाय पदवी असली तरच उघडणारी काही दारं आहेत. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण डेप्युटी मॅनेजर घेतं ते गेट या परीक्षेच्या गुणांवर, तिथे डिप्लोमा चालत नाही. अभियांत्रिकी सेवेची एमपीएससी आणि यूपीएससी पदवीवरच. स्ट्रक्चरल डिझायनर म्हणून महापालिकेचा परवाना पदवी आणि अनुभव दोन्हींवर. क्वांटिटी सर्व्हेइंग (कामाचं मोजमाप आणि खर्च काढणं), कंत्राटांचे दावे, बीआयएम मॉडेलिंग (इमारतीचं संगणकावरचं मॉडेल) यांत पुण्यात बसून परदेशातली कामं करणारी ऑफिसं आहेत. तिथे साइटवर दोन-तीन वर्षं काढलेला पदवीधर कोऱ्या पदवीधरापेक्षा पुष्कळ पुढे जातो. बांधकाम व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवीही, निकमारसारख्या संस्थेत असो वा दुसरीकडे, साइट बघून मग केली तर कामाला येते. बीई संपल्या संपल्या लगेच केलेली म्हणजे महागडा पुढे ढकललेला निर्णय, असं माझं मत आहे आणि ते बदलण्यासारखं अजून काही दिसलेलं नाही.

जाता जाता एक. आज ज्याला आपण सीओईपी म्हणतो ती संस्था १८५४मध्ये ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ म्हणून सुरू झाली ती मोठे अभियंते घडवायला नव्हे. इमारती, कालवे, रेल्वे, पूल अशा सार्वजनिक कामांवर साहेबाच्या हाताखाली उभी राहतील अशी माणसं कमी पडत होती म्हणून. म्हणजे तेव्हाही तुटवडा मधल्याच फळीचा होता.

जागेची फोड

मे महिन्याच्या शेवटी मी बिल्डरपुढे एक हिशोब ठेवला. दोन्ही टॉवरमध्ये मिळून साधारण ८०० टन स्टील राहिलं होतं. तपासणारा माणूस नसल्याने कापाकापीतला अपव्यय पाच टक्क्यांच्या पुढे चालला होता. तो तीनवर ठेवता येतो. दोन टक्क्यांचा फरक म्हणजे १६ टन. टनाला ५५ हजार धरले तरी आठ लाख ८० हजार. आपण ज्याचा साठ हजार पगार वाचवतोय असं समजतोय, त्याचा वर्षाचा पगार सात लाख वीस हजार. म्हणजे जागा रिकामी ठेवून आपण पैसे भरतोय.

मग सुचवलं की पाच वर्षांचा एकच माणूस शोधणं बंद करू आणि जागेचे दोन भाग करू. आरेखक सुपरवायझरला बोलवायचं, ‘वरिष्ठ पर्यवेक्षक’ म्हणून, महिना ४२ हजार; शटरिंग आणि सळईबांधणी त्याच्याकडे. खटावच्या मुलीला बिलिंग, बीबीएस आणि रेराचे कागद, ३२ हजार. कराराला पदवीधर मिळाला, साइटला हात मिळाला. दोघांचे मिळून ७४, ठरल्यापेक्षा १४ हजार जास्त. बिल्डरने आधी नाक मुरडलं. “दोन वर्षांच्या पोरीकडे बिलिंग? ठेकेदार गुंडाळून टाकेल तिला.” त्याला मी क्यूबचं उत्तर सांगितलं. तो स्वतः डिप्लोमावाला, नव्वदच्या दशकात गवंड्यांबरोबर उभं राहून वर आलेला. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “बोलवा.”

तिच्या वडिलांचा फोन आला. गावात घरबांधणीचे छोटे ठेके घेणारे गृहस्थ. पगाराबद्दल एक शब्द नाही. “साहेब, पोरीला स्लॅबला रात्री थांबावं लागतंय का?” लागतं, म्हटलं, कधी कधी, काँक्रीट सुरू झालं की घड्याळ बघता येत नाही. त्यावर आम्ही दोन गोष्टी लेखी दिल्या. रात्रीच्या कामाला कंपनीची गाडी, आणि साइटवर महिलांसाठी वेगळं स्वच्छतागृह. दुसरी गोष्ट तोवर आमच्याकडे नव्हती. मजूर बायका इतकी वर्षं काम करत होत्या, त्यांच्यासाठी कुणी मागितलं नव्हतं, हेही लिहायला हवं. शकुंतला भगत १९५३मध्ये व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर झाल्या, पुढे त्यांनी पुलांचं स्वतःचं तंत्र विकसित केलं. सत्तर वर्षांनी आपण अजून स्वच्छतागृहावर बोलणी करतोय. २०२४च्या जुलैत राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींचं व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. सिव्हिलला येणाऱ्या मुली त्यामुळे वाढतील. साइट त्यांच्यासाठी तयार नाहीत.

पुढचं सव्वा वर्ष

ठेकेदाराने तिला गुंडाळायचा प्रयत्न केलाच. पहिल्याच आरए बिलात स्लॅबचं शटरिंग मोजताना बीमच्या माथ्याची जागाही धरलेली होती, जिथे शटरिंग लागतच नाही. तिने टेप घेऊन ठेकेदाराच्या माणसाला जागेवर नेलं, दोघांनी मिळून मोजलं, पुस्तिकेत दोघांच्या सह्या. वाद झाला नाही, कारण आकड्याखाली त्याचीही सही होती. पाणीटाक्यांवरची सवय.

पर्यवेक्षकाची आणि तिची पहिले दोन महिने जमली नाही. अकरा वर्षं काढलेल्या माणसाला पंचविशीतल्या मुलीकडून सळईचे तुकडे मोजून घेणं जड गेलं. नंतर त्यालाच कळलं की तिने उरलेल्या तुकड्यांची यादी लांबीप्रमाणे लावली की त्याचं कापण्याचं काम सोपं होतं. चार फुटांचे तुकडे चेअरला (वरच्या सळया उचलून धरणारा आधार), लिंटेलला (दार-खिडकीवरची पट्टी). डिसेंबरपर्यंत स्टीलचा अपव्यय साडेतीनच्या खाली आला. तीन झाला नाही. त्याचं एक कारण डिझायनरने बाराव्या मजल्यावर केलेला बदल, त्यात कापलेली सळई फुकट गेली.

एप्रिल २०२५मध्ये आम्ही तिला ४२ वर नेलं. नोव्हेंबरात तिला एका मोठ्या बोगद्याच्या कामावरच्या सल्लागार कंपनीकडून ५८ ची ऑफर आली. आम्ही ५० पर्यंत जाऊ शकत होतो, तेवढेच सांगितले. ती गेली. पदवी मिळून साडेतीन वर्षंही झाली नव्हती. मुलाखतीला आलेल्या त्या ढिगातला, तिच्याच वर्षी पास झालेला मुलगा आज कुठे असेल, असा विचार मनात येतो. दोघांची पदवी एकाच विद्यापीठाच्या शिक्क्याची असू शकते. फरक दोन वर्षांच्या टाक्यांचा आणि सव्वा वर्षाच्या बिलांचा.

म्हणून ओळखीपाळखीतले लोक बारावीचा निकाल लागला की सिव्हिलला ‘प्लेसमेंट’ किती आहे असं विचारतात, तेव्हा मी तो आकडा सांगत नाही. पहिल्या वर्षाच्या पगारात सिव्हिल हरणारच आहे. मी विचारतो, घरातून तीन वर्षं १८-२० हजारांवर राहायची सोय आहे का? कॉटबेसिसवर राहून, गावाकडे पैसे न पाठवता? कर्जाचा हप्ता लगेच सुरू होणार असेल तर हा रस्ता खरोखर कठीण आहे, आणि त्या मुलाला ‘पुढे खूप स्कोप आहे’ असं सांगणं ही फसवणूक आहे. ती सोय असेल आणि पोरगं ड्रॉइंग हातात घेऊन उन्हात उभं राहायला तयार असेल, तर चौथ्या-पाचव्या वर्षी त्याच्यामागे फिरणारे आम्हीच असू.

बिल्डरने ती जागा या वेळी पाच वर्षांच्या अनुभवाची म्हणून जाहीर केली नाही. पर्यवेक्षक आहेच. बिलिंगला तीन वर्षांचा एक मुलगा मिळाला, ४४ वर. शिवाय दर जुलैला दोन ट्रेनी घ्यायचे ठरलंय, २२ हजारांवर, एक डिप्लोमाचा, एक पदवीचा. पहिले सहा महिने दोघांनी पर्यवेक्षकाच्या हाताखाली सळई आणि शटरिंग, पुढचे सहा बिलिंग, मग क्वालिटी. एक्सेल भरायला ऑफिसात बसवायचं नाही, ही अट पर्यवेक्षकाने घातली आहे. वर्षभरानंतर पगार किती वाढवायचा, यावर बिल्डरचं आणि माझं अजून जमलेलं नाही. तो ३० म्हणतो. मी ३५ च्या खाली उतरायला तयार नाही, कारण त्या दिवशी त्यांना बाजारात तेवढे मिळणार आहेत.